बांगेचा जबाब

जालना
१८ नोव्हेंबर २०२४

गनीभाई,

रामराम घे आणि सलामही घे. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. दिवाळीत तुला तीनदा फोन लावला. मी विचारलं कापूस कितीला गेला, तू म्हणालास पोरगी नुसरत मजेत आहे. मी विचारलं गुडघा कसा आहे, तू म्हणालास तुलाही दिवाळी मुबारक. तिसऱ्या वेळी मी नुसतं हो हो करत राहिलो. शेवटी शरयू म्हणाली, "बाबा, पत्र लिहा त्यांना. कान गेले असतील, डोळे तर शाबूत आहेत?" माझी सून बोलते कमी, पण बोलते ते कामाचं. तिनंच ही पाकिटं आणून दिली.

तुझ्या कानाचं नक्की काय झालंय ते लिही. उगाच झाकू नकोस.

माझं म्हणशील तर खुबा आता दुखत नाही. गोठ्यात पडलो, ऑपरेशन झालं, केदारनं उचलून इथं आणलं, त्याला दीड वर्ष होत आलं. तो एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत, शरयू बँकेत. पोरं गुणी आहेत, मला काही कमी पडू देत नाहीत. फक्त दिवसभर एकच शब्द कानावर पडतो. बसा. उठायला गेलो की बसा, पाणी घ्यायला गेलो की बसा, पेपर पडला तर तुम्ही बसा, आम्ही उचलतो. चतुर्थीला राजूरला गणपतीला नेलं तर तिथंही मी गाडीतच. केदार बाहेरून नारळ दाखवून म्हणाला, "बाबा, गर्दी लई आहे, तुम्ही बसा." गणपतीलाही लांबूनच नमस्कार केला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मला तुझी बांग आठवते. हसू नकोस. इथं आसपास चार मशिदी आहेत. एकाची संपत आली की दुसऱ्याची सुरू होते, एक आवाज तर फार गोड आहे. पण त्यातला कुठलाच मला ओळखत नाही. आष्टीत सकाळची बांग तू भोंग्याशिवाय द्यायचास, ओढा ओलांडून आवाज माझ्या शेतातल्या आखाड्यावर यायचा आणि मी बाजेवरून पाय खाली टाकायचो. तूच एकदा अर्थ सांगितला होतास, झोपेपेक्षा नमाज चांगली. मी काही नमाज पढत नाही, पण तुझ्या आवाजानं उठून जन्मभर झोपेपेक्षा चांगलं काहीतरी केलं. ढोरांना वैरण टाकली, पाणी सोडलं. संध्याकाळी साळूही म्हणायची, "गनीभौंची बांग झाली, दिवा लावते." तुला तापानं उशीर झाला तेव्हा ती काडी हातात धरून तुळशीपाशी उभी होती. ती गेल्यावर मीच दिवा लावायचो, पण तुझी बांग ऐकल्यावरच.

आता पहाटे आधीच जाग येते आणि मी पडून वाट बघतो. कशाची, ते या घरात कुणाला सांगू? तुला सांगतो. आवाज अजून ओढ्यापार जातो का ते लिही. संक्रांतीला मी येतोच आहे.

तुझा
रामराव


आष्टी
२ डिसेंबर २०२४

रामभाऊ, तुला सलाम आणि घरातल्या सगळ्यांना दुआ.

पत्र मिळालं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं काही आहे. मी दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. तुझ्या राजूरच्या नारळाला ती हसली आणि साळूवहिनींच्या काडीपाशी आल्यावर तिनं पत्र स्वतःच्या हातात घेतलं.

कानाला थोडं कमी येतं. थंडीनं असेल. तू फिकीर करू नकोस.

इकडे तूर चांगली आहे. सोमेश्वरनं तुझ्या वावरात हरभरा पेरलाय, उगवण बराबर आहे. पुतण्या तुझा मेहनती आहे, फक्त आखाड्यावर राहत नाही, गावातूनच ये-जा करतो. ओढ्याला टाचभर पाणी आहे.

अजानचं विचारलंस. अजान होते. पाचही वक्त बिलकुल वेळेवर होते.

तुला आठवतं का, सातवीत होतो तेव्हा माझे अब्बा मला मशिदीच्या गच्चीवर शिकवायचे आणि तू जिन्यात बसून बघायचास? अजान देताना दोन्ही कानांत बोटं घालायची असतात. तू नंतर मला विचारलंस, "आपलाच आवाज सोसत नाही काय रे तुला?" मी तेच अब्बांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, हा आवाज आपल्यासाठी नसतो, बेटा. आपण फक्त बोलावणारे. ज्याला बोलावलंय त्यानं ऐकायचं.

हय्या अलस्सलाह म्हणजे या, नमाजला या. त्याच्यामागून हय्या अलल्फलाह, भल्याकडे या. अजानमध्ये अल्लाची थोरवी आहे, रसूलची गवाही आहे, पण माझं मन लहानपणापासून या दोन ठिकाणीच थांबतं. एवढा मोठा मालिक, त्याला कुणाची गरज नाही, आणि तरी तो दिवसातून पाच वेळा या म्हणतो. श्रीमंताला वेगळं नाही, गरिबाला वेगळं नाही. तू लिहिलंस ना, तिथं सगळे तुला बसा म्हणतात. वाचून वाटलं, तुला अजान का आठवते ते मला कळलं.

नुसरतचे दिवस भरत आलेत. तिचं सासर जालन्यातच, डॉक्टरही तिथला, म्हणून बाळंतपण तिथंच. जमलं तर शरयूबेटीला एकदा डोकवायला सांग.

गनी


जालना
२१ डिसेंबर २०२४

गनी,

यावेळी भाई लिहीत नाही. मला राग आलाय.

काल सोमेश्वर आला होता, तुरीच्या शेंगा घेऊन. मी सहज विचारलं, गनीचा आवाज येतो का रे वावरात? तर तो म्हणाला, "काका, चाचा कुठं बांग देऊन राह्यले आता? दिवाळीच्या आधीपासून मशिदीतला तौफीक देऊन राह्यला. चाचांला तर कायबी ऐकू येत न्हाई. मी मागून गेल्तो, आवाज दिला, त्यांनी वळूनसुदिक पाह्यलं न्हाई. मंग हात लावला तवा दचकले."

अजान होते, असं लिहिलंस तू मला. होते! म्हणजे पाऊस पडतो, दिवस उगवतो, तशी ती आपोआप होते! कोण देतो ते लिहायला शाई संपली होती काय? आणि कानाला थोडं कमी येतं म्हणे.

शरयू नुसरतकडे जाऊन आली. पोरगी रडत होती म्हणाली. तिची इच्छा आहे, बाळाच्या कानात पहिली अजान तिच्या अब्बांनीच द्यावी. तू तिला सांगितलंस, तुझ्या सासऱ्यांना द्यायला सांग. गावभराला चाळीस वर्षं बोलावणारा माणूस स्वतःच्या नातवंडाला बोलवायला नाही म्हणतो. काय झालंय तुला?

लिहिता लिहिता राग उतरला, म्हणून माझंही सांगतो. संक्रांतीला येतो असं मी लिहिलं ते खोटं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. राजूरहून आलो त्या दिवशी केदार आणि शेजारच्या राजानंदनं मला खुर्चीसकट वर आणलं, त्यानंतर मी खाली उतरलेलो नाही. डॉक्टरनं मनाई केलेली नाही. मलाच भीती वाटते. इथं बसून बसून मला बसायची सवय लागली, गनी.

आता तू खरं लिही.

रामराव


आष्टी
३० डिसेंबर २०२४

रामभाऊ,

तू रागावलास, बरं वाटलं. इथं सगळे माझ्याशी फार प्रेमानं वागतात.

मला कुणी काढलं नाही, हे आधी लिहितो. तौफीक तर रोज म्हणतो, म्हणजे मला त्याचे ओठ हलताना दिसतात, चाचा, तुम्ही द्या. मीच सोडलं.

कान दोन वर्षांपासून उतरत होते. उन्हाळ्यात पूर्ण बंद झाले. जालन्याला मशीन लावून पाहिलं, त्यात नुसती खरखर. तरी मी अजान देत होतो. मग एका जुम्म्याला दुपारी अजान देऊन खाली आलो तर सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. बद्रीनाथ टेलर समोर दुकानात असतो, तो माझ्याकडे बघून पटकन मशीन चालवायला लागला. मला समजलं, आवाज कुठंतरी भलतीकडे गेला. किती दिवसांपासून जात होता, खुदा जाने.

पण एवढ्यानं मी सोडलं नसतं. खरी गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी वाटली नव्हती. हय्या अलस्सलाह म्हणताना मान उजवीकडे वळवायची असते. आमच्या गच्चीवरून उजवीकडे पाहिलं की ओढ्यापलीकडे तुझा आखाडा. सकाळच्या अंधारात मी अल्लाहु अकबरपासून सुरू करायचो, आणि उजवीकडे वळून या म्हणायचो, तेवढ्यात तुझा बल्ब लागायचा. रोज. तू गुमान उठून बटण दाबत होतास, आणि मी इकडे समजत होतो की पोचलं. अजान ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात जबाब द्यायचा असतो. बाकीच्यांचा जबाब त्यांच्या ओठांत राहतो, मला कधी दिसला नाही. तुझा दिसायचा.

तू जालन्याला गेलास. उजवीकडे वळलो की अंधार. तोवर कान थोडे होते, म्हणून निभलं. मग कानही गेले. आता तूच सांग, ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही आणि समोरून जबाब दिसत नाही, त्यानं कुणाच्या भरवशावर ओरडायचं?

आणखी एक लिहितो, मग बस करतो. अजान द्यायला मिळत नाही याचं दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख ऐकायला मिळत नाही याचं आहे. पाच वेळा सगळ्या गावाला बोलावणं येतं आणि मी घड्याळ बघून जातो. लग्नाला सगळ्यांना अक्षत आली आणि आपण आपलं ऐकीव तारखेवर गेलो, तसं वाटतं. जागेवर बसून डोळे मिटतो आणि अब्बांचा आवाज आठवायचा प्रयत्न करतो. हल्ली तोही पुसट होत चाललाय.

बाळाच्या कानात पहिला शब्द वाकडा जायला नको. म्हणून नुसरतला नाही म्हटलं. तिला समजाव.

गनी


जालना
७ जानेवारी २०२५

गनीभाई,

नुसरतला मी समजावणार नाही. तुलाच समजावतो.

अर्धं आयुष्य तू कानांत बोटं घालून बांग दिलीस. तेव्हा तू स्वतःला किती ऐकत होतास? अब्बांनी तुला काय सांगितलं होतं ते तूच पहिल्या पत्रात लिहिलंस, मी पाकीट जपून ठेवलंय. आवाज आपल्यासाठी नसतो. मग आज तुझ्या कानांवर का अडून बसलास? तुझी बोटं तेवढी मोकळी झाली.

बल्बाचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटायचं मीच तुझ्यावर अवलंबून आहे. बटण दाबणारा हात कुणी बघत असेल हे मला काय माहीत? माहीत असतं तर एवढ्या सहज आष्टी सोडली नसती. पण मी नव्हतो तेव्हा बाकीचं वावर तिथंच होतं ना? तूच एकदा मोसंबीच्या बागेत म्हणाला होतास, की बांग जिथवर पोचते तिथवरचं झाड, दगड, माणूस, सगळे शेवटच्या दिवशी बांग देणाऱ्याची गवाही देतात. माझ्या बांधावरची बाभळ, विहिरीचे दगड, सगळे तुझे साक्षीदार. मीही देईन. मराठीत दिली तर चालेल ना तिथं?

तेव्हा असं करू. तू ये. बाळाच्या कानात हळूच द्यायची असते, भोंगा नाही की गाव नाही. मी येतो ऐकायला. माझा खुबा गेला, कान शाबूत आहेत. आवाज वाकडा गेला तर वाकडा गेला म्हणून सांगेन. तुझ्यावर प्रेम करणारे खूप आहेत, खरं सांगणारा मी एकटा आहे.

कालपासून जिना उतरायला शिकतोय. काल एक मजला. शरयू खाली थांबते. केदारला अजून सांगितलेलं नाही, तो बसा म्हणेल.

रामराव


जालना
२७ जानेवारी २०२५

गनीभाई,

नुसरतला मुलगी झाली त्या दिवशी मी जिना उतरून दवाखान्यात आलो, पण तिथं एवढी माणसं होती की आपलं बोलणं काही झालंच नाही. जाताना तू दारातून माझ्याकडे बघितलंस. मला कळलं काय विचारतोस ते. मी मान हलवली, पण खरं उत्तर मान हलवून देता येत नाही. म्हणून लिहितो.

तुझ्या नातीला शरयूनं तुझ्या हातात दिलं तेव्हा ती लालभडक होऊन रडत होती. बांग मी जन्मभर ऐकली, पण नेहमी ओढ्याच्या पलीकडून. एवढ्या जवळून आणि एवढ्या हळू आवाजात कधी ऐकली नव्हती. तू तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलंस. पहिला अल्लाहु अकबर खोल लागला, तुझ्या नेहमीच्या जागेच्या खाली. खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून लिहितो. पुढं एके ठिकाणी आवाज थरथरला आणि शेवटाकडे जरा उतरला. हा तुझा जुना आवाज नाही. जुना आवाज लांबवर जायचा, दमदार होता. हा म्हाताऱ्याचा आवाज आहे.

पण गनी, वाकडा नव्हता. एक शब्द वाकडा नव्हता. पोरीनं रडणं थांबवलं आणि डोळे उघडले. तुला ते थांबलेलं ऐकू आलं नसेल, पण तिची छाती तुझ्या हाताला लागली असेल, तुला कळलं असेल.

आणि मग तू सवयीनं मान उजवीकडे वळवलीस. उजवीकडे मी खुर्चीत होतो. तू या म्हणालास आणि मी उठून उभा राहिलो. काठी न धरता. मी ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं. माझ्या मागं केदार होता. त्याच्या तोंडातून बसा निघालं नाही.

घरी येताना त्यानं गाडी हळू चालवली. मग म्हणाला, "बाबा, आष्टीला जायचंय का तुम्हाला?" दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं विचारलं. हो म्हणताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रडत होतो म्हणून लिहितो, आता तुझ्यापासून काय लपवायचं.

सहा तारखेला गुरुवारी केदार आणून सोडणार आहे. पंधरा दिवस राहून बघायचं, सोमेश्वर रात्री सोबतीला झोपेल, जमलं तर पुढं ठरवू, असं त्याचं आणि शरयूचं ठरलंय. मी गावातल्या घरी नाही, आखाड्यावर उतरणार. सोमेश्वरला नवा बल्ब लावायला सांगितलाय.

शुक्रवारी सकाळची बांग तौफीकला देऊ देऊ नकोस.

रामराव


आष्टी
७ फेब्रुवारी २०२५, सकाळ

रामभाऊ,

आपण थोड्या वेळात भेटणारच आहोत, मी चहाचा थर्मास घेऊन निघतोय. पण भेटल्यावर तू बोलशील, मला ऐकू येणार नाही, आणि मला बोलताना रडू येईल. म्हणून मशिदीच्या गच्चीवर बसून हे लिहिलं. आल्यावर तुझ्या हातात देतो, तू वाचेपर्यंत मी चहा ओततो.

तौफीकनं माझा हात धरून मला गच्चीवर नेलं आणि तो खाली गेला. मी कानांत बोटं घातली. गरज नव्हती, तरी घातली, अब्बा घालायचे म्हणून. अल्लाहु अकबर म्हटलं. ऐकू काही आलं नाही, पण बोटांच्या टोकांना कवटीतून धक्का लागला, छातीतून पायांत उतरला. म्हटलं, आहे, आवाज आहे. चार वेळा झालं, गवाही झाली. मग मी उजवीकडे वळून पहिल्यांदा हय्या अलस्सलाह म्हटलं.

अंधार होता.

रामभाऊ, त्या एका दमात माझ्या मनात काय काय आलं ते विचारू नकोस. वाटलं आवाज ओढ्यातच पडला. वाटलं तू आलाच नाहीस. वाटलं खुबा, रात्री काही झालं. पण ते दोनदा म्हणायचं असतं. नसतं तर मी तिथंच थांबलो असतो. दम घेतला आणि पुन्हा म्हटलं, या.

आणि तुझा बल्ब लागला.

मला माहीत आहे, आता तुला बाजेवरून उठायला वेळ लागतो. रोज पहिल्यांदा अंधार राहील आणि दुसऱ्यांदा लागेल. चालेल. मी दोनदा म्हणेन.

आता ऊन पार ओढ्यावर आलंय, गच्चीवरून बघतोय, तुझा बल्ब अजून चालूच आहे. मला दिसला रे. बंद कर.

गनी